जे स्कॅन झालं, तेच संदर्भात आलं

१९९८ साली कॅनडात त्या देशाच्या इतिहासावरचे ६७ प्रबंध झाले. त्या सगळ्यांच्या तळटीपा मिळून ‘टोरंटो स्टार’ या दैनिकाचा हवाला ७४ वेळा दिला गेला होता. २०१० साली प्रबंध जवळपास तेवढेच होते, ६९. ‘टोरंटो स्टार’चे हवाले मात्र ७५३ वर गेले. बारा वर्षांत या दैनिकाच्या जुन्या अंकांना असं काय सोनं लागलं? अंक तेच, बातम्या त्याच. मधल्या काळात ते अंक डिजिटल होऊन ऑनलाइन आले, एवढाच काय तो फरक. मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे तासन्‌तास डोळे ताणण्याऐवजी संशोधक शोधचौकटीत एक शब्द टाकत होते आणि समोर येईल ते टिपून घेत होते.

वॉटर्लू विद्यापीठातले इतिहासकार इयन मिलिगन यांनी २०१३ साली ही मोजदाद प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं वृत्तपत्र वापरण्याविरुद्ध नव्हतंच. एका वृत्तपत्राचं पारडं एवढं जड झालं आणि ते का झालं, याची दखल कुणी घेतली नाही, हे त्यांना खटकलं. तळटिपेत वृत्तपत्राचं नाव आणि तारीख असायची, जणू अंक प्रत्यक्ष हातात घेऊन चाळला आहे. डेटाबेसचा, शोधलेल्या शब्दाचा पत्ताच नसायचा. ज्या वृत्तपत्रांचे अंक ऑनलाइन नव्हते, त्यांच्या वाट्याला अशी भरभराट आली नाही.

कुणी कुणाचा हवाला दिला हे मोजून त्यातून अर्थ काढायचा, याला ग्रंथालय आणि माहितीशास्त्रात सायटेशन ॲनालिसिस म्हणतात. प्राध्यापकांच्या बढत्या आणि विद्यापीठांच्या क्रमवारीमुळे आज हा प्रकार सर्वांच्या कानावर पडतो. त्याचा जन्म मात्र एका अगदी साध्या अडचणीतून झाला: पैसे थोडे, नियतकालिकं फार, तर वर्गणी कशाकशाची भरायची?

अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजातले पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांनी १९२७ साली ‘सायन्स’मध्ये त्याचं उत्तर मांडलं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची पुढच्या अभ्यासासाठी नीट तयारी व्हायची, तर छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात काय असावं? थोरामोठ्यांचा सल्ला विचारत बसण्याऐवजी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मुखपत्राचे १९२६ चे अंक घेतले आणि लेखांखालचे संदर्भ मोजायला सुरुवात केली. ३,६३३ संदर्भ निघाले, ते २४७ नियतकालिकांमध्ये विखुरलेले होते. पण बहुतेक भार थोड्याच नावांवर होता, आणि त्यांत जर्मन नियतकालिकांचा वाटा मोठा होता. म्हणजे खरेदीची यादी तर मिळालीच, शिवाय विद्यार्थ्याने जर्मन शिकायला हवं, हेही त्या मोजणीतून आपोआप बाहेर आलं.

हवाल्यांवरून निष्कर्ष काढण्याची रीत आपल्याकडे वेगळ्या कारणाने रुजली होती. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० साली आला. संस्कृत निबंधकार आपला काळ क्वचितच सांगतात. मग काणे पाहत, हा ग्रंथकार कुणाची वचनं उतरवतो आणि याची वचनं पुढे कोण उतरवतं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त ज्या ग्रंथाचं वचन आहे, तो ग्रंथ त्याच्या आधीचा असलाच पाहिजे. अशा वरच्या-खालच्या मर्यादा आवळत काळ ठरवायचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी याच पद्धतीने शेकडो टिपणं लिहिली. यात आकडेमोड नव्हती, पण एका ग्रंथाचा धागा दुसऱ्यात कुठे गुंतला आहे, हे शोधण्याचं काम तेच होतं. ग्रंथालयाच्या कारभारात संख्याशास्त्र आणण्याची हाक १९४८ साली इंग्लंडमधल्या एका परिषदेत दिली, तीही आपल्याच डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. त्यांनी त्या विद्येला ‘लायब्रमेट्री’ असं नाव सुचवलं होतं.

या मोजणीचा मोठा कारखाना उभा केला तो युजीन गारफिल्ड यांनी. त्यांना वाट दाखवली वकिलांनी. कोर्टात एखाद्या जुन्या निकालाचा आधार घ्यायचा, तर तो निकाल पुढे कुणी फिरवला तर नाही ना, हे आधी पाहावं लागतं. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून त्यासाठी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. जुन्या निकालाच्या समासात चिठ्ठी चिकटवायची. पुढच्या कुठल्या निकालांत त्याचा उल्लेख आला, ते तिच्यावर छापलेलं असे. हीच सोय शास्त्रज्ञांना का नको, असा प्रश्न गारफिल्ड यांनी १९५५ च्या आपल्या लेखात विचारला. लेखाखालची संदर्भसूची वाचकाला मागे नेते. तिची उलटी सूची केली, तर ती पुढे नेईल: हा लेख नंतर कुणी वापरला, कुणी खोडला, कुणी वाढवला.

१९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ छापून आला. त्यात ६१३ नियतकालिकांतले सुमारे १४ लाख हवाले होते. आजचं ‘वेब ऑफ सायन्स’ हा त्याचाच वारसदार. २००४ साली ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ त्याच्या जोडीला आले.

गारफिल्ड यांच्याच घरातून इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. गणित सोपं आहे. एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून १०० लेख छापले आणि २०२४ मध्ये जगभरच्या लेखकांनी त्यांचा २५० वेळा हवाला दिला, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला २.५. नियतकालिकं निवडायला ही मोजपट्टी होती. ती माणसांना लावली जाऊ लागली आणि खेळ बिघडला. ब्राझीलमधल्या काही नियतकालिकांच्या संपादकांनी एकमेकांना हवाले देण्याचं साटंलोटं केल्याचं २०१३ साली उघड झालं, तेव्हा चार नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर स्थगित करावे लागले. ‘तू माझी पाठ थोपट, मी तुझी’ हे तिथेही चालतंच.

आपल्या विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आजही हा विषय लघुप्रबंधासाठी घेतात. कामाची पद्धत ठरलेली असते. समजा, एका विद्यापीठातले अर्थशास्त्राचे पन्नास प्रबंध घेतले. प्रत्येकाच्या शेवटची संदर्भसूची एक्सेलमध्ये ओळीओळीने उतरवायची. एक रकाना प्रकाराचा: पुस्तक, नियतकालिक, अहवाल, वृत्तपत्र, संकेतस्थळ. एक भाषेचा, एक सालाचा. मग छाननी. निम्मे संदर्भ किती वर्षांच्या आतले आहेत, हे पाहिलं की त्या विषयाच्या साहित्याचं अर्धायुष्य कळतं. वेगाने धावणाऱ्या विज्ञानशाखांत ते थोडं भरतं, इतिहासात बरंच जास्त. सर्वांत वरची वीस नियतकालिकं आपल्या ग्रंथालयात आहेत का, हे तपासलं की ग्रंथपालाला पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी भक्कम आधार मिळतो.

पूर्वी या कामासाठी संदर्भ विभागात बसून प्रबंध एकेक करून मागवावे लागत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर जमा होऊ लागले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संग्रहात आज काही लाख प्रबंध आहेत. एकाच वेळी तो वाचण्याचा संग्रह आहे आणि मोजण्याचाही.

इथे मिलिगन यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. मोजणी काय सांगते: संशोधकाला काय मोलाचं वाटलं, की त्याच्या हाताला काय लागलं?

कॉर्नेल विद्यापीठातले फिलिप डेव्हिस आणि सुझन कोहेन यांनी अर्थशास्त्राच्या पदवी-विद्यार्थ्यांचे निबंध तपासले. १९९६ मध्ये त्यांच्या संदर्भांत ३० टक्के पुस्तकं होती, १९९९ मध्ये १९ टक्के उरली. संकेतस्थळांचे संदर्भ ९ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले. हे अभ्यासक सन २००० मध्ये त्या पत्त्यांवर जाऊन पाहू लागले, तेव्हा १९९६ च्या पत्त्यांपैकी फक्त १८ टक्के योग्य जागी पोचले. चार वर्षांत पाचांतले चार पत्ते बेपत्ता. विद्यार्थ्यांचं सोडा; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या वेब-पत्त्यांपैकी निम्म्यांवर मूळ मजकूर उरलेला नाही, असं हार्वर्डच्या अभ्यासकांना २०१४ च्या सुमारास आढळलं.

शिकागोचे जेम्स इव्हान्स यांनी २००८ साली आणखी धाडसी विधान केलं. सुमारे ३.४ कोटी लेखांचा डेटा तपासून ते म्हणाले की जुने अंक जसजसे ऑनलाइन येतात, तसतसे लेखक अधिक ताजे आणि मोजकेच लेख वापरतात. दालन मोठं झालं, पण सगळे एकाच कपाटापाशी गर्दी करतात. वर्षभरात कॅनडातल्या व्हिन्सेंट लारिव्हिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शतकभराचा डेटा मांडून नेमकं उलट दाखवलं: हवाले एकवटत नाहीत, पांगत चालले आहेत. विज्ञानाच्या बाबतीत हा वाद चालूच आहे. पण मराठीच्या इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात फारसा भाग घेता येत नाही, कारण त्याचं बरंचसं कपाट अजून उघडलेलंच नाही.

जे उघडलं आहे, ते थोडंथोडकं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तकं आणि अहवाल ऑनलाइन ठेवले आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ आणि नियतकालिकं खुली केली. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात, पण ‘सापडतात’ हे जपूनच म्हणायचं. पुस्तकाचं नाव रोमन लिपीत, तेही वाटेल तसं. लेखकाच्या जागी कधी संपादक, कधी काहीच नाही. मजकुरातला शब्द शोधायला जावं, तर स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राने ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ आणि ‘ष’चा ‘प’ करून ठेवलेला असतो. एकोणिसाव्या शतकातली शिळाछापाची पानं तर त्याला नीट वाचताच येत नाहीत. त्यात शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांआधी ‘नाहीं’, ‘केलें’, ‘मुलांनीं’ असं अनुस्वारांसह छापलं जाई. आजच्या पद्धतीने ‘नाही’ टाइप करणाऱ्याला कालचं ‘नाहीं’ दिसेलच, याची खात्री नाही.

प्रबंधांची तऱ्हा याहून वेगळी नाही. मराठीतले कितीतरी प्रबंध युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर अक्षरं सुबक दिसतात, पण कॉपी करून पाहिलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला हाती येतो. गूगल स्कॉलरला तो मजकूर मराठी म्हणून कळणारच नाही. मोठ्या हवालासूच्यांत मराठी नियतकालिकं अभावानेच आहेत. म्हणजे ‘नवभारत’ मासिकातल्या एखाद्या लेखावर तीन पिढ्यांनी वाद घातला असला, तरी यंत्राच्या हिशेबी त्याचे हवाले शून्य.

आणि जिथे डिजिटल प्रत खरोखर वापरली जाते, तिथे ती लपवली जाते. संशोधक गोखले संस्थेच्या संकेतस्थळावर पुस्तक वाचतो आणि संदर्भसूचीत फक्त मूळ प्रकाशक व साल लिहितो. ‘ऑनलाइन वाचलं’ असं लिहिलं तर मार्गदर्शक नाक मुरडतील, ही भीती. याचा फटका ग्रंथालयाला बसतो. स्कॅनिंगसाठी पुढच्या वर्षी निधी मागायचा, तर वापराचा पुरावा हवा, आणि तो पुरावा तर तळटिपेतून गाळला गेलेला. स्कॅनमध्ये एखादं पान सुटलेलं असेल, आवृत्ती वेगळी असेल, तर पुढच्या वाचकाला तेही कळत नाही.

यावर उपाय महागडे नाहीत. डिजिटल संग्रहातल्या प्रत्येक नोंदीखाली ‘हा संदर्भ असा द्यावा’ अशी तयार ओळ आणि न बदलणारा पत्ता द्यावा. विद्यापीठांनी मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत. आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विषय तयारच आहे: शंकर गणेश दाते यांची १९४३ साली प्रसिद्ध झालेली ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ती नोंद आहे. तिची एकेक ओळ ऑनलाइन संग्रहांशी ताडून पाहिली, तर काय स्कॅन झालं आणि काय राहिलं, याची यादीच हाती येईल. मग राहिलेलं पुस्तक कुठल्या गावच्या शंभरी ओलांडलेल्या वाचनालयात आहे, हे शोधता येईल. महाराष्ट्रात अशी वाचनालयं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कपाटांतला कागद दरवर्षी थोडा आणखी तुटतो आहे. तेव्हा पुढचा लेख किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांनी, पुस्तक पडद्यावर वाचलं असेल तर तसं स्पष्ट लिहावं: संग्रहाचं नाव, पत्ता आणि पाहिल्याची तारीख. त्या एका ओळीच्या आधारावर ग्रंथपाल पुढच्या कपाटासाठी निधी मागू शकेल.