रोजा, रूममेट आणि सबमिशन!

हॉस्टेल, लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स आणि पाच वेळची नमाज... जमतं का हे सगळं? जमतं! फक्त थोडं प्लॅनिंग हवं.

पुण्यात स्कूटी चालवणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते. फक्त डोळे दिसतात, त्यावरही गॉगल. कॉलेजच्या पार्किंगमध्ये बाकीच्या जणी तो सोडून डिकीत टाकतात, एखादीचा मात्र डोक्यावरच राहतो. आणि मग प्रश्न सुरू. 'घरून सक्ती आहे का गं?', 'उकडत नाही?' आणि ऑल टाइम हिट, 'तुमच्यात असंच असतं ना?'

मी कोकणातली, खेड तालुक्यातली. मास कॉमसाठी पुण्यात आले आणि हॉस्टेलला राहिले. त्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, 'अय्या, तुझं मराठी किती छान आहे!' (घरी आम्ही काय फ्रेंच बोलतो?) आता नात्यातल्या, ओळखीतल्या मुली ॲडमिशन घेऊन शहरात यायला लागल्या की फोन येतोच, 'आपा, तिकडे नमाजचं कसं करायचं?' तर हा लेख त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या रूममेट्ससाठीही, जमलं तर.

मगरीबचा झोल

आधी टाइमटेबल समोर घ्या. फजर आणि इशा रूमवरच होतात. जोहरचंही टेन्शन नाही. साडेबारा-पाऊणला वेळ सुरू होते ती तीन-साडेतीनपर्यंत तरी असते, म्हणजे लंच ब्रेकमध्ये आरामात. असरची गंमत वेगळीच. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, माझी नांदेडची रूममेट हनफी. तिची असर माझ्यानंतर जवळजवळ तासाभराने सुरू व्हायची. एकाच खोलीत दोन अलार्म! दोन्ही बरोबर असतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात यावरून वाद घालू नका.

खरा झोल मगरीबचा. सूर्य मावळला की सुरू, संधिप्रकाश गेला की संपली. हातात जेमतेम सव्वा तास. जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, तोपर्यंत तुम्ही रूमवर पोचलेल्या असता. पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त आणि प्रॅक्टिकल साडेसहापर्यंत, वर बसचा तास. इथे गाडी अडते. यावर उपाय एकच, सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सरांना किंवा मॅडमना जाऊन सांगायचं, 'थंडीत मला संध्याकाळी दहा मिनिटं लागतील.' आधी सांगितलं की बहुतेक जण मान डोलावतात. न सांगता गायब झालात की तो बंक ठरतो. चहा-सिगारेटला गेलेले वीर अर्ध्या तासाने उगवतात, ते बंक ठरत नाही. असो!

जागेचं काय? जुम्म्याला मुलं जवळच्या मशिदीत जातात. मुलींनी कुठे जायचं? बऱ्याच मशिदींमध्ये बायकांची सोयच नसते. पुण्यातल्याच एका दांपत्यानं यासाठी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली होती. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं, की बायकांना मशिदीत नमाज पढायला मनाई नाही, फक्त त्यांच्यावर जुम्म्याच्या जमातचं बंधन नाही. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात आम्हाला आधार होता लेडीज रूमच्या कोपऱ्याचा, नाहीतर रिकाम्या क्लासरूमचा. पातळ मुसल्ला घडी करून सॅकमध्ये सहज मावतो.

आणि वजू! वॉशबेसिनमध्ये पाय धुताना कुणी आत आलं की जो चेहरा होतो ना... त्यापेक्षा शक्यतो रूमवरून वजू करून निघा, तुटेपर्यंत तीच चालते. कॉलेजमध्ये करावीच लागली तर नळाखाली बादली घ्या आणि नंतर फरशी पुसून काढा. सफाईवाल्या मावशींशी दोस्ती असली की अर्धे प्रॉब्लेम सुटतात. आमच्या मावशी तर नंतर नंतर बाहेर उभ्या राहून 'थांबा, आत पोरगी आहे' असं सांगायच्या.

दोन्हीकडचे हवालदार

नमाजची वेळ जुळवता येते. त्याहून अवघड आहे ते सतत कुणाच्या तरी नजरेत असणं.

एकीकडे क्लासमेट्स. जगात कुठेही काही घडलं की सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. मैत्रिणींनो, तुम्ही अख्ख्या समाजाच्या पीआरओ नाही आहात. 'मला माहीत नाही' हे उत्तर चालतं. मात्र जे स्वतः करता ते का करता, एवढं स्वतःसाठी समजून घ्या. अरबी नुसती वाचता येते, अर्थ कळत नाही, अशा आपण कितीतरी जणी आहोत. कुरआनचे मराठी अनुवाद मिळतात, रोज अर्धं पान वाचा.

दुसरीकडे आपलेच लोक. स्कार्फ घेणारी न घेणारीला सुनावते, न घेणारी घेणारीला मागासलेली म्हणते. भावाचा मित्र 'काळजीपोटी' घरी फोन करतो. माझ्या वर्गात मराठवाड्यातली एक हुशार मुलगी होती. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत तिच्या डोक्यावर ओढणी नव्हती. तो फोटो कुणीतरी गावी पोचवला आणि सेकंड इयरच्या दिवाळीनंतर ती परत आलीच नाही. ती रोज फजरला उठायची, हे त्या फोटोत कुठून दिसणार? हा राग माझा अजून गेलेला नाही. दुसरीच्या डोक्यावर काय आहे याची हजेरी घेणं हे आपलं काम नाही, कुणी विचारलंच तर गप्प बसा.

म्हणूनच घरच्यांना आपलं जग आधीपासून दाखवत राहा. मैत्रिणींची नावं सांगा, अम्मीशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या, शक्य असेल तर ईदला एखादीला घरी न्या. मग बाहेरून आलेल्या बातमीआधी तुमचा फोन पोचलेला असतो.

ड्रेस कोडबाबत मात्र भावनेवर जाऊ नका, ॲडमिशनआधी प्रॉस्पेक्टस नीट वाचा. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब, बुरखा, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. जून २०२४ मध्ये हायकोर्टानं विद्यार्थिनींची याचिका फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं हिजाब, टोपी आणि बॅजपुरती त्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र नाही. थोडक्यात, आधी विचारून घेतलेलं बरं. नीटसारख्या परीक्षांना पारंपरिक पोशाखात जाणाऱ्यांना तपासणीसाठी लवकर पोचावं लागतं, त्या दिवशी स्कूटीवर विसंबू नका!

'पाणीपण नाही?'

रमजानमध्ये हा प्रश्न दिवसातून सहा वेळा येतो. हसून 'पाणीपण नाही' म्हणायचं आणि पुढे जायचं. मेसच्या काकांना आठवडाभर आधी सांगितलं तर रात्रीच्या दोन पोळ्या आणि भाजी डब्यात बांधून मिळते. सहेरीला तीच. जोडीला केळी, खजूर, दही आणि भरपूर पाणी. हॉस्टेलमध्ये कॉइल लावून अंडी उकडायचे प्रयोग नकोत, रेक्टर मॅडमना वास बरोब्बर येतो.

पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर कजा करायचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आपण त्या दिवशी चोरून बिस्किट खातो! 'आज रोजा नाही?' असं एखाद्या मुलानं विचारलंच तर 'नाही' एवढंच सांगा. कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. आणि परीक्षेच्या सकाळी सहेरी बुडवून फक्त चहावर रोजा धरायचा हट्ट करू नका. दुपारी तीनच्या पेपरला डोकं चालत नाही, अनुभव आहे.

एक चांगली बातमी, रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२२ मध्ये तो एप्रिलच्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात सुरू झाला होता. तिथून तो थंडीकडे सरकत गेला, म्हणजे रोजे छोटे आणि तहान कमी. २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होणार, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. मेसच्या काकांना आत्तापासूनच सांगून ठेवायला हरकत नाही!