तीन तोंडांचा शेरखान

१९९३मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ ही जपानी कार्टून मालिका हिंदीत सुरू झाली आणि रविवारची सकाळ मोगलीची झाली. शेरखान बोलायला लागला की पेपरात डोकं घातलेली मोठी माणसंही मान वर करायची, कारण आवाज नाना पाटेकरांचा. तो गुरगुरता, तोडून बोलणारा आवाज त्या वाघाला असा काही बसला होता की जणू जन्मापासूनचाच! आता तोच भाग मोबाइलवर लावा, आवाज बंद करा आणि नुसतं शेरखानच्या तोंडाकडे बघा.

मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. संपलं. वाघाचं सगळं कपट आणि सगळा माज बहुतेक वेळा या तीनच चित्रांवर चालतो. ‘प’ म्हणताना ओठ मिटायला हवेत, ‘ओ’ म्हणताना चंबू व्हायला हवा, असली भानगडच नाही. चित्रकार मान, पाय, पट्टे तसेच ठेवून वर फक्त जबड्याचं चित्र बदलत राहायचे. बाकीचा वाघ आपण मनातल्या मनात हलवायचो.

ही काटकसर नाइलाजाची होती. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढत बसलं तर दर आठवड्याला एक भाग कसा निघणार? म्हणून जपानी टीव्हीसाठी काम करणारे चित्रकार एकेक चित्र सहसा तीन चौकटी वापरत. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, संथ प्रसंगात त्याहूनही कमी. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९-९०मध्ये मोगलीचे ५२ भाग काढले ते याच घराण्यातले.

मला खरं नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. अमेरिकेत सहसा आधी संवाद ध्वनिमुद्रित करतात आणि मग त्याबरहुकूम ओठ काढतात. जपानमध्ये उलटं: चित्र आधी, आवाज मागून. म्हणजे जपानी शेरखानलाही कुणीतरी पडद्याकडे बघतच आवाज दिला होता. नानांच्या वाट्याला आलं तेही तेच काम. मग हिंदी उपरी वाटेल कशी?

शीर्षकगीत तर अस्सल इथलंच. जपानी मालिकेचं गाणं वेगळं होतं. आपलं गुलजारांनी लिहिलं आणि विशाल भारद्वाज यांनी चाल दिली. या जोडीचा ‘माचिस’ चित्रपट अजून तीन वर्षं लांब होता.

आणि मूळ गोष्ट? रुडयार्ड किपलिंगने ती लिहिली अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून. पुस्तक आलं १८९४मध्ये. मोगलीचं जंगल मात्र त्याने ठेवलं नागपूरच्या उत्तरेला, सिवनीला. गडी स्वतः मुंबईचा: १८६५चा जन्म, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. त्याच्या साहेबी अहंकाराला हवे तेवढे बोल लावा, लावायलाच हवेत. पण लहानपणी तो नोकरमाणसांमध्ये इतका रमायचा की आईवडिलांपुढे पाठवताना त्याला इंग्रजीत बोलण्याची आठवण करून द्यावी लागे, असं त्यानेच आत्मचरित्रात सांगितलंय. मोगली हिंदीत बोलला यावर त्याला तरी हरकत घेता आली नसती.