बंद, पुस्तक आणि पडदा

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघाला की तो फसला, असे म्हणण्याची आपल्याकडे एक रीतच झाली आहे. नायकाचा चेहरा मनातल्यासारखा नाही, आवडते प्रकरण गाळले, शेवट बदलला, अशा त्या तक्रारी असतात. त्या खोट्या नाहीत. पण ज्यांचे जगणेच उशिरा पुस्तकात आले, त्यांची तक्रार याहून वेगळी आहे. आमच्या पुस्तकांतून पडद्यावर जाताना जे गळते ते कारण असते. राग दिसतो, रागाचे कारण दिसत नाही. दगड दिसतो, तो हातात का आला हे दिसत नाही. हे कसे घडते याचा विचार येथे करायचा आहे. हा विचार बंदच्या दिवसांना वगळून मला करता येत नाही, कारण मी वाचू लागलो तो बंदच्या दिवसांतच.

आमचे गोरेगाव गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब ज्या भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पडले, तेच हे भंडारा. हा मुलूख धानाचा आहे. बांधी, रोवणी, तलावाचे पाणी आणि राइस मिल यांवर येथले पोट चालते. माझा बाप राइस मिलमध्ये पोती वाहत असे. माय रोवणीला आणि कापणीला जाई.

बंद अनेक प्रकारचे असत. वेगळ्या विदर्भासाठी बंद असे, महागाईविरुद्ध असे, कधी कुठल्या पक्षाचा असे. पूर्वेकडच्या जंगलपट्टीतल्या तालुक्यांत नक्षलवाद्यांचे बंद असत. 28 जुलै ते 3 ऑगस्ट आणि 2 ते 8 डिसेंबर हे त्यांचे सप्ताह. त्या दिवसांत तिकडच्या एसट्या थांबत आणि नातेवाइकांचे येणे राहून जाई. जुलैअखेरचा सप्ताह तर ऐन रोवणीत येई. आणि काही बंद आमचे असत. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मेली. 29 सप्टेंबर 2006 रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भीमा कोरेगावनंतरचा 3 जानेवारी 2018 चा महाराष्ट्र बंद आणि ॲट्रॉसिटी कायद्यासाठीचा 2 एप्रिल 2018 चा भारत बंद तर तरुण पोरांनाही आठवतो.

दुसऱ्यांचा बंद असला की माय म्हणे, "बंद त्यायचा, अन् उपास आपला." बापाची रोजी बुडालेली असे. पण रमाबाई नगरानंतर ती स्वतःच म्हणाली, "आज नाही जायचं कामावर." रोजी त्याही दिवशी बुडाली. उपास तोच, पण तो आपण पत्करलेला होता. बंद आणि बंद यांत फरक असतो हे मला पहिल्यांदा कळले ते या दोन वाक्यांतून.

शाळा बंद, बाजार बंद, एसटी बंद अशा दिवशी उघडे राही ते टोलीतले बुद्धविहार. तिथल्या लोखंडी कपाटात काही पुस्तके होती. त्यांत पाने सुटलेली 'फकिरा' होती. ती मी दोन बंदांत वाचून संपवली. पुस्तकाला वीज लागत नाही, तिकीट लागत नाही, एसटी लागत नाही. चित्रपटाला हे सारे लागते आणि त्याआधी लागतो तो पैसा लावणारा माणूस. पुस्तक आणि पडदा यांतला पहिला फरक हा असा आर्थिक आहे. कलेचा प्रश्न त्यानंतर येतो.

अण्णाभाऊ साठे यांचेच उदाहरण घ्या. 1959 साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि 1963 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्यांच्या एकूण सात कादंबऱ्या पडद्यावर गेल्या. पण जाताना काहींची नावे बदलली. 'आवडी'चा 'टिळा लावते मी रक्ताचा' झाला. 'माकडीचा माळ'ची 'डोंगरची मैना' झाली. 'चिखलातील कमळ'ची 'मुरळी मल्हारीरायाची' झाली आणि 'अलगूज'चे 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' झाले. ही यादी एकदा शांतपणे वाचावी. लेखकाने माळाचे नाव दिले, कारण त्या माळावर पाल ठोकून राहणारी भटकी माणसे त्याला सांगायची होती. पडद्याने मैना मागितली. लेखकाने चिखल आणि कमळ दोन्ही नावात ठेवले. पडद्याने चिखल काढून मुरळी ठेवली. तमाशापट चालण्याचा तो काळ होता, तिकीटबारीला काय हवे हे निर्मात्याला ठाऊक होते, आणि नाव ही त्याची पहिली जाहिरात असते. यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. बाजार दलिताच्या दुःखातून गाणे उचलतो आणि दुःखाचा पत्ता पुसतो, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुरे. सात चित्रपटांचा हा लेखक 18 जुलै 1969 रोजी हलाखीतच गेला. तोही गोरेगावात, पण मुंबईच्या. लहानपणी मी समजत असे की अण्णाभाऊ आमच्याच गावी वारले.

दुसरे उदाहरण 'सिंहासन'चे. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. भाड्याच्या व्हिडिओवर आम्ही तो पाहिला. चित्रपट उत्तम आहे. संप आणि बंद मागे कसे शिजतात, कामगारांचा पुढारी डिकास्टा आणि सत्तेतली माणसे एकमेकांना कशी वापरतात, हे त्यात लखलखीत दिसते. पण दोन जाड कादंबऱ्या एका चित्रपटात बसवायच्या म्हणजे काही टाकावे लागते. टाकले जाते ते खालचे आणि राहते ते वरचे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, पुढारी, वार्ताहर यांच्या नजरेतून संप हा पटावरचा एक डाव ठरतो. ज्याची रोजी बुडते तो माणूस गर्दीत जातो. शेवटी वार्ताहर दिगूचे भान सुटते. आमच्या टोलीतल्या प्रेक्षकांना मात्र प्रश्न पडला होता, की हमालाचे काय झाले? मला तो प्रश्न आजही समीक्षेचाच वाटतो.

येथे तीन शब्द वेगळे केले पाहिजेत. हरताळ म्हणजे दुकानाला कुलूप. तो ज्याच्याकडे दुकान आहे त्याने करायचा. संप म्हणजे आपले श्रम आपण काढून घेणे, तो श्रमिकाचा. बंद म्हणजे आपल्याबरोबर इतरांचेही सारे व्यवहार थांबवणे. केरळच्या उच्च न्यायालयाने 1997 मध्ये सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पडद्यावर हे तिन्ही शब्द एकच होतात, कारण कॅमेऱ्याला तिन्हींत दिसते ते एकच: ओस रस्ता आणि धावणारा जमाव. थांबलेला हात टिपणे त्याला जड जाते.

पण जड जाते म्हणजे अशक्य असते असे नाही. याचा पुरावा 'सद्गती'त आहे. प्रेमचंदांची ही छोटी कथा सत्यजित राय यांनी 1981 मध्ये दूरदर्शनसाठी चित्रित केली, तीही आमच्या शेजारी, छत्तीसगडात. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडायला लावतो आणि तो तिथेच मरतो. पुढे जे होते ते फार महत्त्वाचे आहे. एक गोंड चांभारवस्तीत जाऊन सांगतो की पोलीस येतील, प्रेत उचलू नका. आणि कुणी उचलत नाही. विहिरीच्या वाटेवर प्रेत पडून राहते, ब्राह्मणांचे पाणी अडते. अखेर पंडिताला स्वतःच्या हाताने दोरीचा फास टाकून ते ओढून न्यावे लागते.

हा बंद नाही तर काय आहे? यात घोषणा नाही, दगड नाही, जमावही नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळणारे एक काम एका दिवसापुरते मिळाले नाही, आणि गावाची सारी व्यवस्था उघडी पडली. प्रेमचंद हे उपरोधाने सांगतात. नावातच तो उपरोध आहे. राय बोलत नाहीत. ते पाऊस दाखवतात, प्रेत दाखवतात, ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड दाखवतात. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे ही नावे सर्वांना माहीत आहेत; गोंडाचे काम छत्तीसगडचे लोककलावंत भैयालाल हेडाऊ यांनी केले आहे. कथेतला एक शब्द गेला तरी कारण गेले नाही. म्हणून हे रूपांतर खरे उतरले.

आपल्या वाडवडिलांचा बंद असाच होता. 1927 च्या महाडनंतर मेलेली ढोरे ओढायची नाहीत हा निश्चय गावोगाव पसरला आणि 1956 नंतर तो आपल्याकडे घट्ट झाला. त्याला गावाने उत्तर दिले तेही बंदनेच. दुकान बंद, पाणी बंद, शेतावरचे काम बंद. त्याचे नाव बहिष्कार. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो 2016 मध्ये. वर्तमानपत्रे ज्याला बंद म्हणतात तो एक दिवस चालतो. हा दुसरा बंद महिनोन्‌महिने चालतो आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

बाबासाहेबांच्या दोन भूमिका येथे एकत्र पाहाव्या लागतात. औद्योगिक तंटे विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत झालेल्या संपात ते पुढे होते. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच एक रूप आहे असे त्यांनी मांडले. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की घटनेचा मार्ग मोकळा असताना इतर मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय. यात विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. आपले श्रम रोखणे वेगळे आणि दुसऱ्याची वाट सक्तीने रोखणे वेगळे. हा फरक आपल्या पोरांनाही सांगितला पाहिजे, कारण बंदच्या दिवशी गुन्हे दाखल होतात ते बहुधा टोलीतल्याच पोरांवर, आणि रोजी बुडते तीही टोलीचीच.

म्हणून आवडत्या पुस्तकावरचा चित्रपट पाहताना मी चेहरे जुळतात का हे पाहत नाही. कारण राहिले का, काम करणारा हात दिसतो का, आणि चिखलाचे नाव पुसले का, एवढेच पाहतो. ही मोजपट्टी आपल्याच लेखकांनाही लावावी, कारण उद्या कॅमेरा आपल्याही हातात असणार आहे. काहींच्या हातात तो आलाही आहे. 'सद्गती' मी पहिल्यांदा मोबाइलच्या लहानशा पडद्यावर पाहिली, मायला शेजारी बसवून. प्रेत वाटेत पडून राहिले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "नाही उचललं ना? बरं केलं."