प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि व्यसनग्रस्तांसाठी हानी न्यूनीकरण सेवा : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळील चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून इफेड्रिनचा मोठा साठा जप्त झाला. २०२३ मध्ये जिल्ह्यात मेफेड्रोनची निर्मितीही उघडकीस आली. पोलिसी कारवाईने साठा हाती लागतो. परंतु ज्याच्या शरीराला पदार्थाची सवय जडली आहे, त्याने उपचारासाठी कोठे जावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पना :
पुण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या 'मुक्तांगण'ने संपूर्ण व्यसनमुक्तीचा मार्ग महाराष्ट्रात रुजविला. हानी न्यूनीकरण हा त्याला पूरक विचार होय. व्यसन तत्काळ सुटत नसेल, तर निदान रुग्ण जिवंत राहावा आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस-सी यांपासून वाचावा, हा त्याचा हेतू. निर्जंतुक सुया, रोगचाचण्या, समुपदेशन आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध ही त्याची साधने होत. जिभेखाली ठेवावयाच्या या गोळीने अफूजन्य पदार्थांची ओढ शमते, मात्र तिचा अंमल एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. मुंबईत रस्त्यावरील व्यसनग्रस्तांसाठी 'संकल्प' या संस्थेने असे कार्य केले आहे.

प्राथमिक केंद्रांची उपयुक्तता :
२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुईद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे. पर्यायी औषध बहुधा रोज, कर्मचाऱ्यासमोर घ्यावे लागते. करमाळा वा अक्कलकोटच्या मजुराने त्यासाठी दररोज सोलापूर गाठावयाचे, तर रोजगार बुडतो आणि रोजगार राखावा तर उपचार सुटतो. याउलट सपाट प्रदेशात सुमारे तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. क्षयरोगाची औषधे समक्ष देण्याचा अनुभव या यंत्रणेच्या गाठीशी आहे. पंजाबात २०१७ पासून बाह्यरुग्ण तत्त्वावर असे उपचार दिले जात आहेत.

आक्षेप आणि मर्यादा :
यामुळे व्यसनास उत्तेजन मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ ने अशा जोखीम कमी करणाऱ्या उपायांना गुन्हा मानलेले नाही. शिवाय उपचार अर्धवट सोडलेल्याची सहनशक्ती घटलेली असते. पूर्वीचीच मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी नॅलोक्सोनचे इंजेक्शन जवळच्या केंद्रात असणे निर्णायक ठरते. मात्र मेफेड्रोनवर असे मान्यताप्राप्त पर्यायी औषध नाही. तेथे समुपदेशन, हृदय व मानसिक आरोग्याची तपासणी आणि वरिष्ठ रुग्णालयाकडे वेळीच पाठवणी एवढेच शक्य आहे.

निष्कर्ष :
औषधसाठा आणि प्रशिक्षण यांइतकीच गोपनीयता महत्त्वाची आहे. गावातील केंद्रात कर्मचारी व रुग्ण परस्परांना ओळखतात. नाव फुटण्याच्या भीतीने रुग्ण दारातूनच परत फिरेल. म्हणून 'व्यसनी' या शिक्क्याऐवजी 'रुग्ण' ही दृष्टी केंद्रात प्रथम रुजली पाहिजे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विभाग या जाणीवजागृतीत मोलाचा वाटा उचलू शकतात.