चवदार तळ्याचे पाणी आणि माँटगोमेरीची बस

पाणी तेच, पण नळ दोन. एका नळावर पाटी 'गोऱ्यांसाठी', दुसऱ्यावर 'रंगीत लोकांसाठी'. हे दृश्य कोकणातल्या कुठल्या खेड्यातले नाही. दुसरे महायुद्ध जिंकून जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले हे १९५० च्या सुमाराचे चित्र आहे. आणि त्याच्याही पाव शतक आधी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्या महाडात एक माणूस चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला आणि त्याने ओंजळभर पाणी प्याले!

बंधू-भगिनींनो, चवदार तळ्याची कथा आपण दरवर्षी ऐकतो. महाड-पोलादपूरच्या मुलांना ती पाठ असते. परंतु सातासमुद्रापलीकडे दुसऱ्या एका पददलित समाजाने महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जे करून दाखविले, ते त्या कथेशेजारी ठेवून पाहिले, तर आपल्याच लढ्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. शिवाय आजच्या घडीला आपण काय राखले पाहिजे, हेही त्यातून उमगते.

ठराव झाला, पण पाणी मिळाले का?

आम्ही कारकून माणसे. कागदाची किंमत आम्हाला कळते आणि कागदाची मर्यादाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. फाईलमध्ये कागद लागला. पण तीन वर्षे त्या तळ्याचे थेंबभर पाणी आपल्या माणसाच्या तोंडी गेले नाही. ढोरे पाणी पीत होती, माणसे लांबून बघत होती.

म्हणून १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावोगावची माणसे भाकऱ्या बांधून पायी आली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे याच भागातील तरुण परिषदेसाठी राबले होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे अशी सवर्ण समाजातील मंडळीही खांद्याला खांदा लावून उभी होती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले. पुढे काय घडले ते आपणास ठाऊक आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या, तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडू दिला नाही. खटला महाडहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला गेला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. एक ओंजळ पाणी, त्यासाठी दहा वर्षे!

अमेरिकेतही हेच घडले

आता अमेरिकेकडे पहा. तिथली गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली. परंतु १८९६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि शाळा, आगगाडीचे डबे, उपाहारगृहे, सगळे वेगळे झाले. 'वेगळे' तंतोतंत पाळले गेले, 'समान' मात्र कधीच आले नाही. महायुद्धात काळे सैनिक वेगळ्या पलटणीत लढले. हिटलरच्या वंशवादाला हरवून घरी आले, तर बसमध्ये मागची जागा त्यांची वाट पाहत होती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील भेद दूर करण्याचा आदेश काढला तो १९४८ साली.

१७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाने शाळांतील वेगळेपणा घटनाबाह्य ठरविला. हा खटला थर्गुड मार्शल या काळ्या वकिलाने लढविला होता. तेच पुढे १९६७ साली त्या कोर्टाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. निकाल मोठा होता. पण दक्षिणेतील बहुतेक शाळांत पुढची कित्येक वर्षे काहीच बदलले नाही. १९५७ मध्ये लिटल रॉक या गावी नऊ काळ्या मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावे लागले. महाडच्या ठरावाची जी गत, तीच त्या निकालाची. हक्क कागदावर मिळतो, पण तो वापरण्यासाठी माणसाला स्वतः पाऊल उचलावे लागते.

चूल, सायक्लोस्टाईल आणि चालणारे पाय

ते पाऊल उचलले बायकांनी. आमच्या भगिनींनी ही हकीकत अवश्य वाचावी.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, खर्चासह चौदा डॉलर दंड झाला. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजातील प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके सायक्लोस्टाईल केली. बसवर बहिष्कार टाका, एवढाच निरोप. सकाळ होताच पत्रके घरोघर गेली. सव्वीस वर्षांचे एक तरुण धर्मोपदेशक, मार्टिन ल्यूथर किंग, या चळवळीचे पुढारी झाले.

पण बहिष्कार भाषणांवर चालत नाही. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका रोज मैलोगणती चालल्या. मोटारी असलेल्यांनी आळीपाळीने लोकांना कामावर नेले-आणले. त्याच्या पेट्रोलला पैसा लागे. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या आचारीणबाई होत्या. चळवळीत पडल्या म्हणून त्यांची नोकरी गेली. त्यांनी घरी कोंबडीचे सँडविच, केक, पाय असे पदार्थ करून विकायला सुरुवात केली, इतर बायकांना जोडून घेतले आणि दर सभेत ती रक्कम चळवळीला दिली. पैसा कोठून आला असे कुणी विचारले, की उत्तर ठरलेले : 'कुठूनच नाही!' म्हणून त्यांच्या मंडळाचे नावच तसे पडले. नावे कळली असती तर बाकीच्या बायकांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या.

असे ३८१ दिवस चालले. किंग यांच्या घरावर बाँब पडला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी एका स्थानिक कोर्टाने मोटारींच्या व्यवस्थेवर बंदी घातली, आणि त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने बसमधील भेदभाव बेकायदा ठरविला. हा दावा लावणाऱ्या चारही वादी बायकाच होत्या. त्यांतली क्लॉडेट कोल्विन रोझाबाईंच्याही नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, अशाच कारणाने अटक झालेली शाळकरी मुलगी होती.

२१ डिसेंबर १९५६ ला माँटगोमेरीच्या बसमध्ये काळी माणसे पुढच्या बाकांवर बसली. त्याआधी बरोबर पंधरा दिवस, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले. कुणी वाढेना, ते उठेनात. अशी बैठक गावोगाव पसरली आणि जुलैत त्या टेबलावर काळ्यांना खाणे मिळू लागले. १९६३ मध्ये वॉशिंग्टनचा मोर्चा, १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा, १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा. मिसिसिपी राज्यात १९६४ साली शंभर पात्र काळ्यांपैकी जेमतेम सातांची नावे मतदार यादीत होती. १९६७ पर्यंत ती साठाच्या घरात गेली. कायद्यामागे सरकारी अंमलदार उभा राहिला, की काय होते याचे हे उदाहरण!

दोन समाजांचे नाते

हे नाते आपण ओढूनताणून जोडत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डु बॉईस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या संघटनेने राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मागितल्या. डु बॉईस यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तर पाठविले. दोन्ही समाजांचा प्रश्न जगापुढे मांडता येईल, ही ती दृष्टी होती.

१९५९ साली किंग पत्नीसह भारतात आले. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते. केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून दिली. किंग प्रथम दचकले. पण पुढे त्यांनीच सांगितले, की विचार केल्यावर ते त्यांना पटले. आपल्या पुस्तकात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. अस्पृश्यांना प्रवेशात प्राधान्य देणे हा भेदभाव नव्हे का, असे त्यांच्या सोबत्याने नेहरूंना विचारले. असेलही, पण शतकानुशतकांच्या अन्यायाचे ते प्रायश्चित्त आहे, असा नेहरूंच्या उत्तराचा आशय होता. ज्या राज्यघटनेमुळे हे उत्तर देता आले, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे वाचकांना सांगायला नको.

किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे झाली. ते तिथे गेले होते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. ओकलंडच्या काळ्या तरुणांनी १९६६ मध्ये 'ब्लॅक पँथर' पक्ष काढला होता. लहान मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी देण्याचे त्यांचे काम फार लोकप्रिय झाले. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती त्याच नावाची प्रेरणा घेऊन.

आणि आणखी एक गोष्ट. पूर्वी भारतीयांना अमेरिकेत वर्षाला शंभर जणांचाच वाटा होता. काळ्यांच्या चळवळीने वंशभेदाविरुद्ध जी हवा तयार केली, त्या हवेत १९६५ चा नवा स्थलांतर कायदा झाला आणि आपले डॉक्टर, इंजिनियर तिकडे गेले. आज तिथे सुखाने नांदणाऱ्या मराठी कुटुंबांनी माँटगोमेरीच्या त्या पायी चालणाऱ्या बायांचे ऋण मानले पाहिजे. दुर्दैवाने काहींच्या सामानातून जातही तिथे गेली. म्हणूनच सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा नियम करावा लागला.

मिळालेले टिकते का?

इथे जरा थांबून विचार करा. २०१३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मतदान हक्काच्या कायद्याचा मोठा दात काढून घेतला. २०२३ साली विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई झाली. दोन पिढ्यांनी मिळविलेले असे सुटू शकते. महाड नगरपालिकेनेही आपला ठराव तीन-साडेतीन वर्षांत फिरविला होता!

आमच्या पोलादपूर-महाडच्या डोंगरवाड्यांवर कोकणाचा धो-धो पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात पाण्याचे टँकर जातात. टँकर प्रथम कोणत्या वाडीला थांबतो? नळयोजनेचा पाईप कुठपर्यंत गेला? ग्रामसभेच्या नोंदवहीत आपल्या वस्तीचे नाव लिहिले का? हे प्रश्न २० मार्चच्या अभिवादनाइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यासाठी मोठा पुढारी लागत नाही. ग्रामसभेला हजर राहणारी चार माणसे, लेखी अर्ज आणि त्याची पोच एवढे लागते. मुलांची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, मतदार यादीतील नाव या गोष्टींची मुदत निघून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही. महिला मंडळांनी वर्गणीचा चोख हिशेब ठेवून एखाद्या मुलीची परीक्षा फी भरली, तर तीही जॉर्जियाबाईंचीच परंपरा.

काळ्यांचा रंग लांबून दिसतो, आपली जात आडनाव विचारून शोधली जाते. फरक आहेच. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी ठरली : कागद आणि पाऊल बरोबर चालले, तेव्हाच दार उघडले. नुसत्या पावलावर लाठ्या पडल्या, नुसत्या कागदावर धूळ बसली. चवदार तळ्याचे पाणी आज सर्वांना खुले आहे. ते पिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वाडीतील नळाकडेही एकदा पाहावे, एवढीच विनंती.

जयभीम!