एका श्वासातला एक रेणू

मुलांनो, एक श्वास घ्या पाहू. इ. स. पू. ४४ मध्ये १५ मार्चला रोममध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. त्याने सोडलेल्या अखेरच्या श्वासातील एखादा रेणू तुमच्या या श्वासात आला असेल का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण जेम्स जीन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४० साली वायूंच्या गतिज सिद्धांतावरील आपल्या पुस्तकात तो घेतला होता.

बेताच्या एका श्वासात सुमारे ४०० घन सेंटिमीटर हवा असते. तिच्यातील रेणू अदमासे १०,००,००,००,००,००,००,००,००,००,००० इतके. ही शून्ये उतरवताना एक जरी निसटले, तरी उत्तर दहापट चुकते. म्हणून शास्त्रज्ञ सुटसुटीतपणे १०²² लिहितात. साऱ्या वातावरणातील रेणू होतात सुमारे १०⁴⁴. हा आकडा १०²² च्या दुप्पट नव्हे हं! तो त्याच्या १०²² पट आहे.

दोन हजार वर्षांत सीझरचा श्वास वातावरणात सगळीकडे सारखा मिसळला असे धरू. मग हवेतून डोळे मिटून उचललेला एक रेणू त्याचा असण्याची संभाव्यता १०²² ÷ १०⁴⁴, म्हणजे १०⁻²² येते. भागाकारात घातांकांची फक्त वजाबाकी करायची. तुम्ही तर एका श्वासात १०²² रेणू उचलता. १०²² × १०⁻²² = १. म्हणजे श्वासामागे सरासरी एक रेणू!

मग प्रत्येक श्वासात एक रेणू नक्की, असे म्हणायचे का? इथेच पुष्कळजण फसतात. फासा टाकला की सहा पडण्याची संभाव्यता १/६. पण म्हणून सहा वेळा टाकल्यावर सहा पडलाच पाहिजे असे नाही. (सापशिडीत हा अनुभव सर्वांनीच घेतला आहे.) एका खेपेस सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. तिला सहा वेळा मांडून गुणा: १५६२५/४६६५६, म्हणजे सुमारे ०.३३. आता डब्यात दहा चिठ्ठ्या ठेवा, त्यांतील एकीवर खूण करा. चिठ्ठी काढायची, पाहायची, परत टाकायची, असे दहा वेळा करा. खुणेची चिठ्ठी एकदाही न येण्याची संभाव्यता ०.३५. शंभर चिठ्ठ्या आणि शंभर खेपा घेतल्या तर ०.३७. पुढे संख्या कितीही वाढवा, उत्तर ०.३७ च्या आसपासच राहते. १०²² पर्यंत गेलात तरी तेच!

म्हणजे शंभरांतील सुमारे ३७ श्वास सीझरवाचून जातात. पण ओळीने दहा श्वास रिकामे जाण्याची संभाव्यता? ०.३६८ ला दहा वेळा मांडून गुणले की येते ४.५ × १०⁻⁵. लाखात चार-पाच! दहा श्वासांना मिनिटसुद्धा लागत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. ऑक्सिजन तर झाडे आणि प्राणी सतत वापरतात. मग त्याचे जुने रेणू शाबूत कसे राहतील? तेव्हा आरगॉन घेऊ. तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही. हवेत तो सुमारे १ टक्का असतो, म्हणजे श्वासात १०²⁰ अणू. १०²⁰ × १०⁻²² = १०⁻², म्हणजे शंभर श्वासांमागे सरासरी सीझरचा एक अणू. आता शंभर श्वासांत तो एकदाही न येण्याची संभाव्यता किती? हे उत्तर तुम्हांला तोंडी देता येईल.