खेळ घडवताना (भाग ४) : उडी आधी, इंजिन नंतर

गेल्या आठवड्यात आपण चौकटीच्या कागदावर खेळाची पहिली लेव्हल आखली. डावीकडून उजवीकडे किल्ला चढत जाणारी मुलगी, वाटेत तीन-तीन चौकटींचे खंदक, दोन ढासळलेल्या पायऱ्या आणि शेवटी दरवाजा. आता संगणक उघडायचा, तर पहिलाच प्रश्न आडवा येतो : गेम इंजिन कोणतं घ्यायचं? चार जणांना विचारलं तर चार नावं कळतात आणि वाद रंगतो, खेळ मात्र कागदावरच राहतो. म्हणून नावांकडे आपण शेवटी वळू. आधी इंजिनाकडून आपल्याला नेमकं काय हवंय ते पाहू.

इंजिन म्हणजे प्रत्येक खेळात लागणारी तीच ती कामं आधीच करून ठेवलेलं सॉफ्टवेअर. सेकंदाला साठ वेळा पडदा नव्याने रंगवणं, कोणतं बटण दाबलंय ते ओळखणं, आवाज वाजवणं, दोन वस्तू एकमेकींना भिडल्या का ते तपासणं आणि तयार खेळ फोनसाठी किंवा ब्राउझरसाठी बांधून देणं. १९८५ साली निन्टेन्डोने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणला, तेव्हा बाजारातून उचलावं असं इंजिन नव्हतं. तो सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला होता. बाजूने सरकणाऱ्या उड्यांच्या खेळाची तांत्रिक भूक मुळातच इतकी कमी आहे. त्यामुळे ‘कोणतं इंजिन जास्त ताकदवान’ हा प्रश्न आपल्यापुरता गैरलागू ठरतो. आज नाव घेण्याजोगं प्रत्येक इंजिन हे काम सहज करतं.

मग फरक पडतो कुठे? उडीत. एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. गोडो नावाच्या इंजिनात नवं पात्र तयार केलं की चालण्या-उडण्याची एक छोटी नमुना स्क्रिप्ट आयती मिळते. त्यात चालण्याचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल, उडीचा वेग उणे ४०० आणि गुरुत्वाकर्षण ९८० असतं. उणे अशासाठी, की पडद्यावर वरून खाली जाताना आकडे वाढतात. आता शाळेतलं सूत्र लावा. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट, म्हणजे १,६०,००० भागिले १,९६०. उडीची उंची आली सुमारे ८२ पिक्सेल. वर पोचायला ०.४१ सेकंद, खाली यायला तेवढेच. या वेळात मुलगी २४५ पिक्सेल पुढे जाते. आपली चौकट १६ पिक्सेलची धरली, तर ती पाच चौकटी उंच आणि पंधरा चौकटी लांब उडणार! कागदावरचे तीन चौकटींचे खंदक तिच्या खिजगणतीतही नाहीत.

म्हणजे इंजिनाने दिलेली उडी चालते, पण ती आपल्या खेळाची उडी नसते. ‘सेलेस्ट’ हा २०१८ चा डोंगर चढण्याचा खेळ आजही नेमक्या उडीसाठी वाखाणला जातो. त्याच्या नायिकेचा कोड निर्मात्यांनी सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात दिसतं, की कड्यावरून पाय सुटल्यावरही एक दशांश सेकंदापर्यंत, म्हणजे सहा फ्रेमपर्यंत, उडीचं बटण मानलं जातं. उडीच्या माथ्यावर बटण दाबून धरलं तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणून ती क्षणभर हवेत रेंगाळते. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. ‘मी दाबलं तेव्हा उडाली’ एवढंच जाणवतं. गंमत म्हणजे या खेळाचं पहिलं रूप पिको-८ नावाच्या चिमुकल्या, मुद्दाम मर्यादा घालून घेतलेल्या व्यवस्थेत चार दिवसांत उभं राहिलं होतं.

इथेच नवख्यांचा एक ठरलेला घोळ होतो. इंजिनात भौतिकशास्त्र आयतं मिळतं, म्हणून पात्रालाही खऱ्या वस्तूसारखं वजन आणि घर्षण देऊन मोकळे होतात. मग उडी मारून भिंतीला टेकलेली मुलगी, बाण दाबून धरला की भिंतीलाच चिकटून बसते, कारण घर्षण आपलं काम चोख करतंय! सपाट जमिनीवर चालताना दोन टाइलींच्या, म्हणजे जमिनीच्या चौकटींच्या, सांध्यात ती अडखळते. युनिटी नावाच्या दुसऱ्या इंजिनात यावर उपाय आहेत. शून्य घर्षणाचं मटेरियल लावायचं आणि टाइलींच्या कडा जोडून एकसंध करायच्या. पण मूळ दुखणं वेगळं आहे. उड्यांच्या खेळाला खरं भौतिकशास्त्र नको असतं, खेळणाऱ्याच्या बोटाला ओळखणारं हवं असतं. म्हणून पात्राचा वेग आपण ठरवायचा आणि इंजिनाने फक्त ‘पुढे भिंत आहे’ एवढं सांगायचं, ही पद्धत बरी. गोडोतली वरची नमुना स्क्रिप्ट याच पद्धतीची आहे.

आता कसोट्या ठरवू. पहिली आणि सर्वांत मोठी : आकडा बदलल्यापासून बदललेली उडी खेळून बघेपर्यंत किती वेळ जातो? उडी मनासारखी जमेपर्यंत हे चक्र असंख्य वेळा फिरतं. दर वेळी अर्धा मिनिट वाट पाहावी लागली, तर माणूस कंटाळून ‘चालेल’ म्हणतो आणि तिथेच खेळ बिघडतो. तुमचा संगणक जुना असेल तर ही कसोटी आणखी कडक लावा.

दुसरी कसोटी अटींची. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केलं, की ठरावीक मर्यादेपलीकडे खेळ जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितक्यांदा शुल्क लागेल. खेळ करणाऱ्यांत संतापाची लाट उसळली. काही दिवसांत नियम सौम्य झाले, पुढच्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्ण मागे घेतलं गेलं. आज ते नाही. पण इंजिन दुसऱ्याचं असेल, तर अटीही दुसऱ्याच्या असतात, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. गोडो अर्जेंटिनात जन्मलं आणि २०१४ मध्ये मुक्तस्रोत झालं. त्याचा एमआयटी परवाना तुमच्या हातातली आवृत्ती तुमच्याकडून काढून घेऊ देत नाही.

तिसरी कसोटी आपली, मराठी माणसाची. इंजिनात ‘किल्ला’, ‘दुर्ग’, ‘क्षत्रिय’ हे तीन शब्द टाइप करून खेळ चालवा. पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसली, रफार सुटा पडला किंवा जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेलं अक्षर आलं, तर त्या इंजिनाला देवनागरी जुळवता येत नाही असं समजा. गोडोला हे मार्च २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून येतं. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो इथे अडतो आणि वेगळी सोय करावी लागते. मात्र फॉन्ट खेळासोबत द्यायला विसरू नका, नाहीतर ब्राउझरमध्ये अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतील. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फॉन्ट विनामूल्य आहे आणि लहान आकारातही वाचता येतो.

आता नावं. कोड लिहायचाच नसेल, तर कन्स्ट्रक्ट ३ बघा. ते ब्राउझरमध्येच चालतं, ‘असं झालं तर तसं कर’ अशा ओळी मांडायच्या असतात आणि उड्यांची वागणूक तयार मिळते. फुकट आवृत्ती मर्यादित आहे, पुढे वर्गणी भरावी लागते. गेममेकर खास टूडी खेळांचं जुनं-जाणतं इंजिन, ‘अंडरटेल’ हा खेळ त्यातलाच. २०२३ च्या अखेरीपासून ते बिगरव्यापारी वापराला फुकट आहे, खेळ विकायचा तर एकदाच पैसे भरायचे. युनिटीत ‘हॉलो नाइट’ आणि ‘कपहेड’ घडले, म्हणजे त्याच्या कुवतीबद्दल शंका नको. गेम कंपनीत नोकरी करायचा विचार असेल, तर युनिटी आणि त्यातली सी शार्प भाषा शिकणं वाया जाणार नाही. पण त्याचा पसारा काही जीबींचा आहे आणि एका किल्ल्यासाठी तो जड पडतो. अनरीअल भव्य थ्रीडी खेळांसाठी ठेवू.

या लेखमालेसाठी मी गोडो घेतोय. झिप उघडली की ते सुरू होतं, जुन्या लॅपटॉपवरही आकडा बदलून लगेच उडी मारता येते आणि ‘किल्ला’ किल्लाच दिसतो. त्याची उणी बाजूही सांगतो. प्लेस्टेशन किंवा स्विचवर खेळ न्यायचा तर बाहेरच्या कंपनीची मदत घ्यावी लागते. शिवाय ४ च्या आवृत्त्यांत सी शार्पमध्ये लिहिलेला खेळ ब्राउझरसाठी बांधता येत नाही, म्हणून आपण गोडोची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्टच वापरू.

माझ्या निवडीवर विसंबून मात्र राहू नका. या शनिवार-रविवारी कोणतीही दोन इंजिनं घ्या आणि दोन्हींत एवढंच करा : एक पडदा, एक चौकोन, एक खंदक, एक उडी. मग तो चौकोन एखाद्या मित्राच्या फोनवर चालवून दाखवा. ज्या इंजिनात उडीचे आकडे बदलत बसायला तुम्हाला मजा आली, ते तुमचं. चित्रं, संगीत, शत्रू यातलं काहीही आत्ता आणू नका.

पुढच्या आठवड्यात : खंदक तीन चौकटींचा असेल तर उडी केवढी हवी? उंची आणि वेळ आधी ठरवून गुरुत्वाकर्षण उलटं कसं काढायचं, ते गोडोत करून पाहू. चौकटीचा कागद जवळ ठेवा.